पाहुण्याची पाळी

अप्पांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. आपलं बोलणं संपलं तरी ते आपल्याकडे बघत राहायचे, जणू मागून अजून काही यायचं राहिलंय. मग एक श्वास घ्यायचे आणि मगच तोंड उघडायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे ऐकायला कमी आहेत. जरा जुना झालेल्याला वाटायचं, शिष्ट आहेत. मी कामावर आले त्या दिवशी "मी कुठे बसू?" म्हणून विचारलं, तर ते नुसते बघत राहिले. मी घाबरून खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

"बाहेर कामून गेलात?" आतून आवाज आला. "मी उत्तर द्यायलोच होतो की."

"तुम्ही काही बोलला नाहीत..."

परत तसंच बघणं. मग श्वास. "तुमचं संपलं का न्हाई ते बघायलो होतो. पाटातलं पाणी उतरल्याबिगर दुसऱ्यानं दार मोडू नये."

मला यातलं अक्षरही कळलं नाही. पण खुर्ची कुठली ते कळलं. जाऊन बसले.

भालकीच्या अंगाला नदीवर धरणाचं काम चालू होतं. आमचे हे पायाच्या खड्ड्यातले पंप सांभाळायला होते. मी देवगडच्या खालची. शाळा सहावीत सुटली, लग्न झालं, आणि लग्नानंतर गाड्या बदलत बदलत थेट या काळ्या मातीत येऊन पडले. समुद्र नाही, माड नाही. भाकरी थापायला घेतली की फाटायची. वस्तीत बायका नळावर कानडीत भांडायच्या, मुकादम दखनीत ओरडायचा, आणि मराठी बोलणारे बोलायचे ती मराठीसुद्धा मला आधी मनात उलगडून घ्यावी लागायची. मी दाराला कडी लावून बसायची. ह्यांना यायला उशीर झाला की मनात काय काय यायचं. खड्डा नदीच्या पोटात होता आणि वर नुसता मातीचा कच्चा बांध.

टेकडीवर वायरलेसची खोली होती. तिथला बोलणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा अप्पा दुसरा शोधायला वस्तीत आले. त्यांची शोधायची तऱ्हा अशी की पंप चालू ठेवायला सांगितले, आणि बाप्ये म्हणू नका, बाया म्हणू नका, एकेकाला पंपापलीकडे उभं करून "पाणी वाढलं" एवढंच म्हणायला लावलं. स्वतः अलीकडे डोळे मिटून उभे. बायका तोंडाला पदर लावून मला पुढे ढकलत होत्या, कारण मी नाकातून बोलते म्हणून माझी नक्कल सगळ्या करायच्या. मी म्हटलं, "पाणी वाढलं." अप्पांनी डोळे उघडले.

"ही बाई."

हसायला लागल्या सगळ्या.

"हसू नका," अप्पा म्हणाले. "गडी बोलले ते पंपात बुडालं. हे नाक वरनं आलं. हे नाक आजपासनं सरकारी मालमत्ता."

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे जमिनीकडे. मीच धीर करून म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही. शाळा पण अर्धीच."

बघणं. श्वास. "गप बसायला येतंय का?"

"येतं."

"मग झालं की. ह्या कामात बोलणं थोडं, गप बसणं लई."

पहिले कित्येक दिवस त्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही. नुसतं ऐकायचं. नदीवर वरच्या अंगाला मेहकरजवळ एक ठाणं, मग मधली दोन, मग खाली खड्ड्यातलं, आणि टेकडीवर आमचं मुख्य ठाणं. या सगळ्यांना मिळून बोलायला हवा एकच. एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं की दोघांचंही बोलणं मरायचं आणि मांजरं भांडल्यासारखा नुसता आवाज यायचा. शिवाय बटण दाबून आपण बोलत असलो की आपल्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. अप्पांचं पहिलं वाक्य हेच: "बटण दाबलं की कान बंद." म्हणून प्रत्येक ठाण्याला घड्याळावर बांधून दिलेली पाळी. अर्धं मिनिट तुझं. मग थोडी जागा कुणाचीच नाही. मग पुढच्याचं.

ती मधली मोकळी जागा म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. त्यांचं घर आळंदच्या बाजूला कडगंचीला, लिंगायत, शेतीवालं. वडील आणि चुलते मिळून एक विहीर, एक पाट, आणि पाणी पाळीनं. "माझ्या चुलत्यांची डोकी फुटली ती पाण्यामुळं न्हाई," ते सांगायचे. "पाळी संपल्यावर पाटात जे पाणी उरतं की नाही, त्यामुळं. ते कुणाचं? म्हणून दोन पाळ्यांच्या मधी पाट उतरू द्यावा. हवेचं बी तसंच हाय. कुणाचं घड्याळ जरा पुढं असतंय, कुणाचं माघं. मधी जागा असली की भांडण होत न्हाई."

सैन्यात तारायंत्राच्या कामावर होते म्हणे. तिथून काय आणलं असेल तर ही शिस्त आणि तीन घड्याळं. एक मनगटावर, एक खिशात साखळीचं, एक टेबलावर गजराचं. मी विचारलं, तीन कशाला? तर म्हणाले, "एक घड्याळ खोटं बोललं तर कळत न्हाई. दोन असली की भांडतात. तीन असली की पंचायत बसती. दोघं म्हणतील ते खरं." रोज सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी ठोके पडायचे तेव्हा ते टोपी काढून उभे राहायचे. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पूजा चाललीय. शेवटच्या ठोक्याला तीनही घड्याळांचे कान पिळून व्हायचे आणि मग ते हवेवर सगळ्या ठाण्यांना वेळ द्यायचे. सगळी नदी एका घड्याळावर आली की टोपी परत डोक्यावर.

घरीही तेच. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो आणि मी तिची तंगी, म्हणजे धाकटी बहीण, मला एकदा सांगत होती, "ह्यांच्याशी भांडण बी पाळीनं, तंगी. मी बोलून घेते. हे गप. मग हे बोलतात, मी गप. मधी एवढी जागा सोडतात की मला कशाला भांडायला लागले तेच आठवत न्हाई."

हुलसूरच्या लग्नाची हकिकत तर सगळ्या कामावर माहीत होती. एकाच गल्लीत एकाच दिवशी दोन लग्नं, दोन्हीकडे कर्णे, आणि दोन्ही कर्णे फुल सोडलेले. कुणाची गाणी कुणाला कळेनात, भटजींचे मंत्र कुणाला ऐकू येईनात, आणि वरपक्षांची बाचाबाची सुरू. अप्पा पाहुणे म्हणून गेलेले. ते दोन्ही मांडवांच्या मधोमध रस्त्यावर खुर्ची टाकून बसले, खिशातलं घड्याळ काढलं आणि हात वर केला की ह्या मांडवाचं गाणं, दुसरा हात केला की त्या मांडवाचं. म्हणे शेवटी दोन्हीकडची वऱ्हाडं दोन्ही गाण्यांवर नाचली आणि अप्पांना आहेर दोन्हीकडून मिळाले. एका आहेराची टोपी होती, ती वायरलेसच्या खोलीत खुंटीला असायची. कधी घातली नाही. "पुराव्याला ठेवलीय" म्हणायचे.

नदीच्या पाण्याच्या मापाचे आकडे सांगायचे ते कानडीत, हाही त्यांचाच कायदा. मराठीतले सव्वीस, सत्तावीस, सदतीस खरखरीत सगळे सारखेच ऐकू येतात. कानडीतले सुटे आहेत, एळु म्हणजे सात, हत्तु म्हणजे दहा. हवेवर आकडे सोडून फारसं काही बोलायचंच नाही. मी चुलीपुढे बसून पाठ करायची, ओंदु, एरडु, मूरु. हे झोपेतून हसायचे.

आता जे सांगायचं ते लिहिताना अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

'पाळी' या शब्दाचा बाईच्या जातीला आणखी एक अर्थ आहे हे अप्पांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते दिवसभर खुशाल विचारायचे, "बाई, तुमची पाळी आली का?" मी घड्याळाकडे बघून खालच्या मानेनं "आली" म्हणायची. मधल्या ठाण्यावरचे गडी काय हसत असतील ते देव जाणे. एक दिवस अप्पा खड्ड्यातला सेट तपासायला खाली गेले होते आणि मुख्य ठाण्यावर मी एकटी. आमची पाळी आली, आणि नेमकी त्याच वेळी मला अशी मळमळ सुटली की मी हँडसेट टाकून बाहेर पळाले. परत आले तर वेळ निघून गेलेली. पुढच्या फेरीत खड्ड्याची पाळी आली आणि अप्पांचा आवाज, स्वच्छ, सगळ्या नदीला ऐकू जाईल असा:

"मुख्य ठाणं, मुख्य ठाणं. बाई, पाळी चुकली का?"

मग कुठल्याशा ठाण्यावरून कुणीतरी, आपली पाळी नसताना, फिस्सकन हसलं.

"कोण हसायलंय? पाळी नसताना हसायचं न्हाई!"

मी भिंतीला टेकून बसले. नोकरी जाणार, हेच डोक्यात. पाळी चुकवली म्हणजे अप्पांच्या राज्यात खून केल्यासारखं. संध्याकाळी अक्का आमच्या खोलीवर आली. पदराआड चिंचेचं बुटुक. माझ्या शेजारी बसली आणि तेच विचारलं जे नवऱ्यानं विचारलं होतं, फक्त हळू आवाजात. मी रडायलाच लागले. आई तिकडे किनाऱ्यावर, सांगायला कुणी नाही, आणि माझी गोड बातमी सगळ्यात आधी नदीवरच्या चार ठाण्यांनी ऐकलेली.

"रडायलीस कामून, वेडे?" अक्का म्हणाली. "घरी पाहुणा यायलाय."

तिनं घरी जाऊन अप्पांना अर्थ समजावून दिला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पाळीला 'नंबर' म्हणायला लागले. दोन दिवस तसं चाललं. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "नंबर म्हणलं की पाणी आठवत न्हाई. चालू द्या आपलं पहिलंच." पण त्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर एक घोंगडी घडी करून ठेवलेली असायची, आणि टेकडीचा चढ मला एकदाच चढावा लागेल अशा बेतानं माझी वेळ लावलेली असायची.

या सगळ्या पाळ्यांच्या शेवटी एक पाळी रिकामी असायची. फेरीत पहिला खड्डा, कारण माणसं तिथं. मग आम्ही. मग मधली दोन, मग मेहकर. आणि मेहकरनंतर अर्धं मिनिट कुणाचंच नाही. तेवढा वेळ अप्पा उजवा हात उंच धरून बसायचे. कुणी बटण दाबायचं नाही, सगळ्यांनी ऐकायचं. अर्ध्या मिनिटानं हात खाली. मग नवी फेरी. तिला ते 'पाहुण्याची पाळी' म्हणायचे.

"कोण पाहुणा?" मी विचारलं होतं.

"म्हाईत असलं तर पाहुणा कशाचा? ज्याला पाळी न्हाई, त्याची ही पाळी. आमच्या घरात एक ताट जास्तीचं वाढतात. कोण येईल म्हाईत नसतंय, म्हणून तर वाढतात."

मी आल्यापासून तोवर त्या पाळीत एकदाही कुणी बोललं नव्हतं. एकदा फक्त मधल्या ठाण्यावर कुणाची तरी शेळी बटणावर बसली होती, आणि अप्पांनी तिचं बेंऽऽ शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

त्या पावसाळ्यात सिमेंटच्या गोदामावर नवं ठाणं आलं. त्याला पाळी हवी. मोठे साहेब टेकडीवर आले. भला माणूस, आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकला नाही. म्हणाले, "अप्पा, ती रिकामी जागा गोदामाला द्या. रोज सिमेंट भिजतंय, आणि तुम्ही हवा ऐकत बसता." म्हणणं खोटं नव्हतं. अप्पांनी ऐकून घेतलं, श्वास घेतला.

"साहेब, पाहुण्याचं ताट गोदामाला द्यायचं न्हाई. माझ्या ताटातलं अर्धं घ्या."

आणि आमची, म्हणजे मुख्य ठाण्याची, पाळी त्यांनी मधोमध कापली. अर्धी आमच्याकडे, अर्धी गोदामाला. साहेब हसले, खांद्यावर थाप मारून गेले. पण पंचाईत माझी झाली. आता सगळं अर्ध्या वेळात बोलायचं. अप्पा म्हणाले, "बरंच झालं. निम्मं आपण उगंच बोलत होतो."

तो दिवस आठवताना आधी ऊन आठवतं. आमच्याकडे आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. दुपारची वेळ, खिडकीतून खाली खड्डा दिसत होता, त्यात मुंग्यांसारखी माणसं. पंपाजवळ एक लाल टॉवेल दिसला की मी ह्यांना ओळखायची आणि माझ्या कामाला लागायची. वर कुठेतरी, हद्दीपलीकडे, पाऊस कोसळून गेला होता, ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

फेरी चालू होती. मधली दोन ठाणी बोलली. मेहकरची पाळी आली. कुणी बोललं नाही.

अप्पांची मान वर झाली. तिथला माणूस जबाबदार, सहसा न चुकणारा. पण मेहकर गप. पाळी सरली. मधली जागा गेली. पाहुण्याची पाळी लागली आणि अप्पांनी हात उंच केला.

आणि त्या पाळीत आवाज आला. बाईचा. म्हातारा, फाटलेला, कधी हवेवर न ऐकलेला. खरखर, खरखर, आणि मधूनच, "एळु... एळु... हत्तु!" परत खरखर. "हत्तु!"

अप्पांचे ओठ हलले. "सात, सात, धा? हे कुठलं माप? कोण बोलायलंय?"

पण मी खुर्चीतून उठले होते. कारण मी ते शब्द आकडे म्हणून शिकायच्या आधी दुसरीकडे शिकले होते. वस्तीत रोज पहाटे मुकादमाची बायको पत्रे बडवत फिरायची, एळु, एळु! उठा, उठा. आणि मजुरांचा ट्रक आला की फळी धरून ओरडायची, हत्तु, हत्तु! चढा, चढा. कानडीत सात आणि ऊठ एकच. दहा आणि चढ एकच.

मी अप्पांची बाही ओढली. "अप्पा, आकडे नाहीत. उठा म्हणतायत. वर चढा म्हणतायत!"

आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनी श्वासाची वाट बघितली नाही. घड्याळावर एक नजर, आणि हँडसेट माझ्या हातात कोंबला. "पाळी अजून हाय. बोला. तुमचं नाक!"

मी दोन्ही हातांनी तो धरला. "खड्डा, खड्डा! पाणी आलं! सगळे वर चढा! हत्तु, हत्तु! ऊपर आव, सब ऊपर आव!" येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषा ओतल्या. अप्पांनी बटणावरचा माझा अंगठा उचलला तेव्हा कळलं की पाळी संपली.

मग काहीच नाही.

"परत बोलू?" मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं का विचारू?"

अप्पांनी पंजा आडवा धरला. "बटण दाबलं की कान बंद. ते उत्तर द्यायले तर आपल्याला कसं कळल?"

वरून पाणी यायला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच खड्डा रिकामा व्हायला लागायचा. चढायला एक उतरण आणि दोन शिड्या. मी खिडकीतून बघत होते आणि खाली काही हलत नव्हतं. त्या वेळी नदीवर प्रत्येकाला काही ना काही बोलायचं असेल. कुणाचा भाऊ खड्ड्यात, कुणाचा बाप. कुणीही घाबरून बटण दाबलं असतं तर नुसता मांजरांचा आवाज झाला असता. कुणी दाबलं नाही. एवढी मोठी नदी, आणि वरची हवा झाडून ठेवल्यासारखी मोकळी. एरवी ज्या गप्पपणाला सगळे हसायचे तो गप्पपणा त्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या जागी धरून ठेवला होता.

खड्ड्याची पाळी लागली.

"मुख्य ठाणं, ऐकलं. चढायलेत. सगळे चढायलेत." माझे डोळे भरून आले, तोच पुढचं: "पंपवाला खालीच हाय. पंप सोडवून काढल्याबिगर येत न्हाई म्हणायलाय. आम्ही ओरडायलोत, पंपात ऐकू जाईना."

खिडकीतून दिसलं. उतरणीवर माणसांची रांग, आणि तळाशी एकटा लाल टॉवेल, वाकलेला.

खड्ड्याची पाळी संपली. मधली जागा. आता आमची अर्धी पाळी. अप्पांनी हँडसेटकडे हातही नेला नाही, माझ्या मांडीवरच राहू दिला. "खड्ड्यातल्या सेटचा आवाज पुरा सोडा म्हणा, अन् कर्णा पंपाकडं. मग तुम्ही बोला."

मी तेवढं सांगितलं. आणि मग मी ह्यांना हाक मारली. नावानं. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात. मी लग्नात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. त्या दिवशी नाव घेतलं, परत घेतलं, आणि नाकातून, जेवढं येतं तेवढं ओरडले, "अहो, पंप राहू दे! घरी पाहुणा यायचाय!"

आमची अर्धी पाळी संपली. पुढची अर्धी गोदामाची. गोदामवाल्यानं बटण दाबलं नाही. आपली पाळी त्यानं तशीच सोडली. मी बोलत राहिले.

लाल टॉवेल सरळ झाला. वर टेकडीकडे बघितल्यासारखं झालं. आणि मग तो शिडीवर होता.

पाणी आलं ते पिवळं, बाभळी घेऊन. कच्चा बांध बसणाऱ्या उंटासारखा आधी पुढून खचला आणि मग सगळाच. पंप गेले, शिड्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही. अप्पांनी टोपी काढली, रेडिओच्या ठोक्यांना काढायचे तशी, आणि खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "फेरी चुकवू नका. मधल्या ठाण्याची पाळी हाय."

माप बघायला उतरलेला मेहकरचा माणूस पाण्यानं वेढला जाऊन एका बाभळीवर चढला होता. दुसऱ्या दिवशी दोर टाकून उतरवला, काट्यांनी भरलेला पण धड. बोलली होती ती त्याच्या ठाण्यावर भाकरी करणारी म्हातारी. तिनं आयुष्यात कधी हँडसेट धरला नव्हता, त्या दिवशी धरला तोही उलटा, म्हणून निम्मं बोलणं खरखरीत गेलं. तिला बघायला अप्पा मुद्दाम गेले, अक्काला आणि मलाही नेलं. मेहकरच्या पाळीतच का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं. म्हातारी कानडीत जे बोलली ते अक्कानं मला सांगितलं: "ती पाळी ह्या पोराची. मी कोण? पाहुणीच की. माझी पाळी यायची वाट बघितली."

अप्पा तिच्या पाया पडले.

आणि पुढे कित्येक वर्षं ते ही गोष्ट स्वतःवर घेऊन सांगायचे. "माझी आई मला रोज एळु, एळु म्हणून उठवायची. त्याच शब्दाला मला सात ऐकू आलं. ही कोकणची बाई नसती तर मी मापं मांडत बसलो असतो." मी खालमानेनं ऐकायची. मला मात्र दुसरंच आठवायचं. माझं ऐकून घेताना त्यांनी वादाला एक क्षण घालवला नव्हता. शाळा सोडलेल्या, परमुलखातल्या बाईनं बाही ओढली, आणि तिच्या बोलण्यावर त्यांनी अख्खी नदी सोपवली. त्यानंतर मी खोलीला कडी लावून बसले नाही. नळावरच्या भांडणात कानडीत चार शब्द टाकायला लागले. सगळ्या ठाण्यांनी मिळून माझ्याकडून उखाणा वसूल केला तो वेगळाच, हवेवर, पाहुण्याच्या पाळीत, अप्पांच्या परवानगीनं.

धरण झालं. फोनच्या तारा आल्या. आम्ही दुसऱ्या कामावर, मग तिसऱ्या. मुलगी झाली, शाळेत जायला लागली, आणि तिची शाळा सहावीत सुटणार नाही एवढं मी मनाशी बांधलं. एकदा त्या बाजूला जाणं झालं तेव्हा तिला घेऊन कडगंचीला गेलो.

अप्पा ओट्यावर बसले होते. कान पार गेले होते. घड्याळं मात्र तीनही चालू. मला ओळखायला त्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा लागली. मग नाकाला बोट लावून हसले. "सरकारी मालमत्ता!"

अक्कानं पानं मांडली. आम्ही तिघं, ते दोघं, आणि वर एक ताट. मुलगी बडबडी, तिला मधली जागा ठाऊकच नाही. "हे कुणाचं ताट? कोण यायचंय? मग वाढलं कशाला?" अप्पा तिच्या ओठांकडे कौतुकानं बघत होते. ऐकू काही येत नव्हतं, पण तिचं संपेपर्यंत थांबले.

जेवणं होत आली तेव्हा त्यांनी उजवा हात उंच धरला. तसाच. मी गप्प झाले, हे गप्प झाले, अक्का हातात पळी घेऊन थांबली. बाहेर कुणाच्या तरी रानात इंजिन चालू होतं तेवढाच आवाज. मुलीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आई, मला अजून एक भाकरी हवीय."

अप्पांचा हात वरच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बोललं का कुणी?"

"बोललं," मी मान हलवून सांगितलं.

त्यांनी श्वास घेतला. मग ते जास्तीचं ताट हातानं तिच्यापुढे सरकवलं.

"मग वाढा की," ते अक्काला म्हणाले.